सोबत काय जोडलंय?

‘प्लीज फाइंड अटॅच्ड.’ कामाच्या ईमेलमध्ये हे वाक्य इतक्यांदा येतं की वाचणाऱ्याची नजर त्यावरून घसरत थेट खालच्या फाइलवर जाते. लिहिणाराही ते विचार करून लिहीत नाही, बोटांना ते पाठ झालेलं असतं. पण ज्याला इंग्रजीत लिहायची सवय नाही, तो नेमका इथेच अडतो. ‘फाइंड अटॅच्ड’ की ‘फाइंड द अटॅच्ड’? पुढे ‘हिअरविथ’ जोडलं तर वजन येईल का? ‘प्लीज’ बरं की ‘काइंडली’? काम चोख झालेलं असतं, फाइल तयार असते, आणि माणूस दोन ओळींच्या निरोपापाशी थबकून बसतो.

असे निरोप नजरेखालून घालायला माझ्याकडे बरेचदा येतात. पाठवणाऱ्यांत नुकतेच नोकरीला लागलेले असतात, तसे आपल्या विषयात मुरलेले लोकही असतात. विचारणं एकच: ‘इंग्रजी बरोबर आहे ना?’ त्या प्रश्नातली धास्ती खरी असते. राबून केलेल्या कामाची पारख ते पाठवतानाच्या एका वाक्यावरून होईल असं त्यांना वाटतं, आणि ते अगदीच खोटं आहे असं मी म्हणणार नाही. पण बहुतेक वेळा इंग्रजी बरोबरच असतं. राहून गेलेलं असतं ते दुसरंच. निरोप वाचून कळत नाही की फाइलमध्ये काय आहे, ती वाचणाऱ्याकडे का आली आणि त्याने तिचं काय करायचं आहे. व्याकरण सांभाळता सांभाळता वाचणारा माणूस हातून निसटलेला असतो.

या वाक्याचं मूळ कागदी पत्रव्यवहारात आहे. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी व्यापारी पत्रांमध्ये ‘एन्क्लोज्ड प्लीज फाइंड’ अशी सुरुवात सर्रास असायची. लिफाफ्यात पत्राबरोबर बिल, धनादेश, करारनामा असं काहीबाही घातलेलं असे. लिफाफा फोडणाऱ्याच्या हातून त्यातला एखादा चिटोरा आतच राहू नये म्हणून पत्रात बजावलेलं असे, की आत अमुक वस्तू आहे, ती शोधून घ्या. ‘फाइंड’ हे क्रियापद तिथे अगदी शब्दशः लागू होतं. शिवाय पत्राच्या तळाशी ‘एन्क्ल.’ लिहून सोबतच्या कागदांची संख्या देण्याची पद्धत होती. उघडणाऱ्याने कागद मोजायचे आणि कमी भरले तर लगेच कळवायचं. म्हणजे त्या जुन्या, आज अवघडलेल्या वाटणाऱ्या वाक्याला ठरलेलं काम होतं, आणि वस्तूचं नाव घेतल्याशिवाय ते काम पुरं होत नसे. आपण वाक्य उचललं आणि नाव घेणं सोडून दिलं. ‘पीएफए’ एवढी तीन अक्षरं टाइप करून पाठवणं हा त्याच्याही पुढचा टप्पा. शिवाय दक्षिण आशियाबाहेरच्या अनेकांना ही तीन अक्षरं कशाची हेच ठाऊक नसतं.

म्हणून कोणी विचारलं तर मी सांगतो, की ‘प्लीज फाइंड अटॅच्ड’ चूक नाही. त्याला हसणाऱ्यांचं मला पटत नाही. फक्त ते तिथेच संपवू नका. ‘आय हॅव अटॅच्ड द मार्च सेल्स रिपोर्ट’ असं साधं लिहिलं तरी चालतं. ‘द मार्च सेल्स रिपोर्ट इज अटॅच्ड’ हेही उत्तम. ‘प्लीज फाइंड द मार्च सेल्स रिपोर्ट अटॅच्ड’ असं लिहिलं तर जुना थाटही राहतो आणि वस्तूचं नावही येतं. ‘हिअरविथ’ मात्र खुशाल गाळावं. फाइल त्याच ईमेलला जोडलेली आहे हे ‘अटॅच्ड’मध्येच आलं.

‘अटॅच्ड’ हा शब्द लिहिण्याचा एक यांत्रिक फायदाही आहे. जीमेलसारख्या सेवा मजकुरात हा शब्द दिसला आणि फाइल जोडलेली नसली, तर ईमेल सोडण्याआधी टोकतात. अर्थात फाइल जोडली आहे एवढंच यंत्राला कळतं. योग्य फाइल जोडली आहे का, हे आपणच ती उघडून पाहायचं.

ईमेलला फाइल जोडता येणं ही सोय ईमेलइतकी जुनी नाही. रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर संदेश धाडला आणि पत्त्यात @ हे चिन्ह आणलं. तो संदेश म्हणजे निव्वळ अक्षरं होती. पुढची बरीच वर्षं चित्र किंवा आवाज पाठवायचा तर तो काही युक्तीने अक्षरांत बदलून मजकुरात चिकटवावा लागे आणि पलीकडच्याने तो उलगडून घ्यावा लागे. मग चित्र-आवाजासारख्या फाइली ईमेलबरोबर धाडता याव्यात म्हणून नॅथॅनिएल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी ‘माइम’ नावाची पद्धत आखली. ११ मार्च १९९२ रोजी बोरेनस्टाइन यांनी आपल्या चौघांच्या गायकमंडळाचा फोटो आणि गाण्याचं ध्वनिमुद्रण ईमेलला जोडून पाठवलं. आज आपण ज्याला अटॅचमेंट म्हणतो, ते इथून सुरू झालं.

आतली युक्ती आजही तीच आहे. फाइलमधले दर तीन बाइट चार अक्षरांत बदलून पाठवले जातात, त्यामुळे वाटेत फाइल सुमारे एक तृतीयांशाने फुगते. संगणकावर २० एमबी दिसणारी फाइल ईमेलमधून जाताना जवळपास २७ एमबीची होते. बऱ्याच सेवांची मर्यादा २५ एमबीच्या आसपास असते, म्हणून ‘मर्यादेत असूनही जात नाही’ अशी तक्रार ऐकू येते. मग आपण फाइल क्लाउडवर चढवतो आणि दुवा पाठवतो.

इथे शब्द बदलायला हवेत, आणि ते बदलत नाहीत. ईमेलमध्ये दुवा असतो आणि वर ‘प्लीज फाइंड अटॅच्ड’च लिहिलेलं असतं. वाचणारा जोडलेली फाइल शोधतो, ती दिसत नाही, मग तो ‘नो अटॅचमेंट’ असं उत्तर पाठवतो आणि अर्धा दिवस जातो. पण खरा मुद्दा याहून मोठा आहे. जोडलेली फाइल ही प्रत असते. ती पाठवली त्या क्षणी जशी होती तशी राहते, आणि वाचणाऱ्याने तिच्यात केलेला बदल त्याच्याकडेच राहतो. दुव्यामागचा दस्तऐवज सगळ्यांचा मिळून एकच असतो. आज पाहिलेला आकडा उद्या तिथे नसेलही. म्हणून ‘आय हॅव अटॅच्ड’ आणि ‘आय हॅव शेअर्ड अ लिंक टू’ या दोन वाक्यांचा अर्थ वेगळा आहे. पहिलं सांगतं, ही घ्या तुमची प्रत. दुसरं सांगतं, चला, एकाच कागदावर काम करू. त्याला जोडून आणखी एक वाक्य लागतं: ‘यू कॅन एडिट’ किंवा ‘व्ह्यू ओन्ली’. आणि पाठवण्याआधी आपल्या खात्यातून बाहेर पडून तो दुवा एकदा उघडून पाहावा. परवानगीचं बंद दार वाचणाऱ्यासमोर आलं, तर वरचं सगळं सौजन्य वाया जातं.

नाव न घेता फाइल पाठवण्यात एक धोकाही आहे. ४ मे २००० रोजी जगभरातल्या लोकांना ‘आय लव्ह यू’ अशा विषयाचे ईमेल येऊ लागले. आत एकच ओळ होती: ‘काइंडली चेक द अटॅच्ड लव्हलेटर कमिंग फ्रॉम मी.’ खाली फाइल, नावात ‘डॉट टीएक्सटी’ ही साध्या मजकुराची खूण आणि त्याही पुढे ‘डॉट व्हीबीएस’ ही प्रोग्रॅमची. विंडोज शेवटचा तुकडा लपवत असे, त्यामुळे ती साधी मजकुराची फाइल वाटे. उघडली की संगणकावरच्या फाइलींवर घाला येई आणि तोच ईमेल त्या माणसाच्या यादीतल्या सगळ्यांना जाई. लाखो संगणक त्यात सापडले. त्याआधी वर्षभर, मार्च १९९९ मध्ये, मेलिसा नावाच्या विषाणूने असंच केलं होतं. त्याच्या निरोपाचा आशय होता, ‘तुम्ही मागितलेलं ते कागदपत्र हे घ्या, दुसऱ्या कोणाला दाखवू नका.’

या दोन्ही ओळी पुन्हा वाचा. व्याकरणात ठळकपणे बोट ठेवण्यासारखं काही नाही, सूर नम्र आहे, ओळखीच्या नावाने आल्या आहेत. त्यात एकही गोष्ट अशी नाही जी फक्त पाठवणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाच ठाऊक असावी. कोणीही, कोणालाही, कधीही पाठवू शकेल अशी ती वाक्यं आहेत. फसवणारा असंच लिहितो, कारण त्याला दुसरा पर्याय नाही. आपल्याकडे मात्र पर्याय आहे. ‘मंगळवारच्या बैठकीत आपण ठरवलेलं वेळापत्रक सोबत आहे, दोन पानांची पीडीएफ आहे’ असं लिहिलं की पलीकडच्याला खात्री पटते, की हा ईमेल माझ्या माणसाचा आहे. आता अनोळखी फाइल उघडू नका असं जो तो बजावत असतो. अशा काळात नुसतं ‘काइंडली चेक द अटॅच्ड’ लिहून पाठवणं म्हणजे वाचणाऱ्याला विनाकारण पेचात टाकणं आहे. फाइल कसल्या प्रकारची आहे आणि ती कशासाठी आली आहे, हे लिहिणं हा आता सुरक्षिततेचाही भाग झाला आहे.

मग ‘काइंडली’ वापरायचाच नाही का? मी तो टाळतो, पण कारण वेगळं आहे. बऱ्याच इंग्रजी वाचकांच्या कानाला ‘काइंडली’ विनंतीपेक्षा सूचनेसारखा लागतो, ‘काइंडली रिफ्रेन फ्रॉम’ अशा पाट्यांमधला. आपल्याला तो ‘कृपया’इतका मऊ वाटतो, त्यांना वाटेलच असं नाही. ‘प्लीज’ कोणालाच खुपत नाही. ‘प्लीज काइंडली’ असं दुहेरी लिहिल्याने नम्रता वाढत नाही.

‘डू द नीडफुल’बद्दल मात्र मला लोकांची बाजू घ्यायची आहे. या वाक्यावरून फार थट्टा होते. ते कुणी अडाणीपणाने घडवलेलं नाही. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटिश इंग्रजीत ते चांगलं रुळलेलं होतं. कारभाराच्या भाषेतून ते इथे आलं, तिकडे हळूहळू मागे पडलं आणि इथे टिकलं. जुनं असणं हा गुन्हा नाही. अडचण अशी, की ‘नीडफुल’ काय ते ओळखण्याचं काम आपण वाचणाऱ्यावर सोपवतो. सही करायची आहे? पैसे सोडायचे आहेत? नुसतं वाचून परत पाठवायचं आहे? एखाद्याला वीस वर्षं तेच काम करून आवश्यक ते काय हे ठाऊक असेल, तर ‘डू द नीडफुल’ पुरेसं आहे. नवख्याला किंवा दुसऱ्या देशातल्या माणसाला नाही. ‘प्लीज साइन पेज फोर अँड सेंड इट बॅक’ हे वाक्य शाळकरी वाटेल, पण ते वाचून कोणी ताटकळत नाही.

‘रिव्हर्ट’चं प्रकरण जास्त अवघड आहे, कारण तिथे खरोखर उलटा अर्थ निघू शकतो. भारतात, सिंगापूरमध्ये, मलेशियात ‘प्लीज रिव्हर्ट’ म्हणजे उत्तर द्या. ब्रिटन-अमेरिकेतल्या बहुतेकांच्या लेखी ‘रिव्हर्ट’ म्हणजे पूर्वस्थितीला जाणं. आणि संगणकाचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला तर ही थेट आज्ञा आहे. प्रोग्रॅममधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या ‘गिट’ या साधनात ‘रिव्हर्ट’ दिलं की आधी केलेला बदल मागे घेतला जातो. आता ‘प्लीज रिव्हर्ट ऑन द चेंजेस’ असा निरोप दुसऱ्या खंडातल्या प्रोग्रॅमरला गेला तर? लिहिणाऱ्याला हवा असतो अभिप्राय, आणि पलीकडचा केलेलं काम पुसायच्या तयारीला लागतो. ‘रिप्लाय’ हा शब्द हाताशी आहे, छोटा आहे, कुठेही चालतो. आपापसात ‘रिव्हर्ट’ खुशाल वापरावा, तो आपल्या इंग्रजीचा भाग आहे. निरोप बाहेर जाणार असेल तेव्हा बदलावा. ‘रिव्हर्ट बॅक’मधला ‘बॅक’ मात्र कुठेच लागत नाही.

असंच ‘डाउट’चं. मराठीत शंका विचारणं हा आदर असतो. ‘मला तुमच्या अहवालाबद्दल काही शंका आहेत’ या वाक्यात विश्वास नाही असं कोणी ऐकत नाही. ‘आय हॅव सम डाउट्स अबाउट युअर रिपोर्ट’ म्हटलं की इंग्रजी वाचकाला ऐकू येतं, ‘तुमचा अहवाल मला पटत नाही.’ तिथे ‘क्वेश्चन्स’ हवं.

पण सगळ्यात जास्त घोळ मी पाहतो तो एका साध्या शब्दयोगी अव्ययामुळे. आपलं ‘पर्यंत’. ‘शुक्रवारपर्यंत फाइल पाठवतो’ आणि ‘शुक्रवारपर्यंत रजेवर आहे’ या दोन्ही वाक्यांत आपण तोच शब्द वापरतो आणि गैरसमज होत नाही, कारण क्रिया कसली आहे हे आपल्या मनाला कळतं. इंग्रजी इथे दोन वाटा करतं. एखादी गोष्ट त्या मुदतीच्या आत कधीही एकदा घडून जाणार असेल तर ‘बाय’. एखादी स्थिती त्या क्षणापर्यंत अखंड चालू राहणार असेल तर ‘टिल’ किंवा ‘अन्टिल’. ‘आय विल सेंड द फाइल बाय फ्रायडे’, पण ‘आय ॲम ऑन लीव्ह टिल फ्रायडे’. ‘प्लीज सेंड द फाइल टिल फ्रायडे’ वाचून इंग्रजी वाचक गोंधळतो, की शुक्रवार उजाडेपर्यंत सारखी पाठवत राहायची आहे की काय. मराठी भाषकाला हा भेद सांगितला की त्याचा चेहरा उजळतो, कारण ही चूक त्याच्या आळसाची नसते. त्याच्या भाषेत तो भेद शब्दाने करावाच लागत नाही.

‘टिल’मध्ये आणखी एक खाच आहे. ‘ऑन लीव्ह टिल फ्रायडे’ म्हणजे शुक्रवारी माणूस कामावर आहे की नाही? इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे त्यांच्यातही यावर एकमत नसतं. म्हणून ‘आय विल बी बॅक ऑन मंडे’ लिहावं. परतीचा दिवस सांगितला की वाद उरत नाही. ‘नेक्स्ट फ्रायडे’चंही तसंच. काहींच्या लेखी तो येता शुक्रवार असतो, काहींच्या लेखी त्याच्या पुढचा. तारीख लिहावी, आणि महिन्याचं नाव अक्षरांत लिहावं. ०५/०६ हा आकडा अमेरिकेत ६ मे होतो, बाकी बऱ्याच जगात ५ जून. हा घोळ मिटावा म्हणून १९८८ मध्ये आयएसओ ८६०१ हे आंतरराष्ट्रीय मानक आलं. त्यात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. फाइलच्या नावात तारीख घालायची असेल तर हाच क्रम घ्यावा, म्हणजे यादीत फाइली आपोआप कालक्रमाने लागतात. ‘ईओडी’, म्हणजे ‘एंड ऑफ डे’, लिहिताना दिवस कोणाचा संपायचा ते लिहावं. दोन माणसांच्या घड्याळांत दहा तासांचं अंतर असेल तर एकाचा दिवस मावळताना दुसऱ्याचा नुकता उजाडलेला असतो. ‘बाय सिक्स पीएम युअर टाइम’ एवढं पुरतं.

‘एफवायआय’ या अक्षरांवर लोक फारसा विचार करत नाहीत, पण मला ती महत्त्वाची वाटतात, कारण ती एक वचन देतात: हे फक्त तुमच्या माहितीसाठी आहे, तुम्हाला काही करायचं नाही. वाचणारा निश्चिंत होऊन ईमेल बाजूला ठेवतो. आठवड्याने ‘त्याचं काय झालं?’ असं विचारलं, तर ते वचन पाठवणाऱ्यानेच मोडलेलं असतं. काही करून हवं असेल तर ‘एफवायआय’ लिहू नये. हीच गोष्ट ‘सीसी’ची. हा शब्द कार्बन कॉपीचा. राल्फ वेजवूड यांनी १८०६ मध्ये कार्बन कागदाचं पेटंट घेतलं, आणि पुढे टंकलेखन यंत्रावर मूळ पत्राखाली हा कागद घालून प्रत काढणं कचेऱ्यांत नित्याचं झालं. पत्र एकाला, प्रत दुसऱ्याला. ज्याला प्रत गेली त्याच्याकडून उत्तराची अपेक्षा नसे. आजही ज्याच्याकडून काम हवं त्याचं नाव ‘टू’मध्ये असावं आणि मजकुरातही यावं. पाच जणांना ‘सीसी’ करून ‘प्लीज लुक इंटू धिस’ लिहिलं, की प्रत्येकाला वाटतं बाकीचे चौघे पाहतील.

सुरुवातीच्या ‘आय होप धिस ईमेल फाइंड्स यू वेल’ या वाक्यावर हल्ली फार राग निघतो. पोकळ आहे म्हणतात. मला ते तसं वाटत नाही. पत्राच्या आरंभी क्षेमकुशल विचारण्याची चाल फार जुनी आहे. रोमन लोक पत्राच्या सुरुवातीला ‘तुम्ही खुशाल असाल तर छान, मी खुशाल आहे’ अशा अर्थाचं लॅटिन वाक्य लिहीत, आणि ते इतकं रूढ होतं की त्याची नुसती आद्याक्षरं लिहिली तरी चालत. आपल्या ‘स. न. वि. वि.’चीही हीच तऱ्हा. विनंतीआधी माणसाची दखल घ्यावी, ही गरज दोन हजार वर्षं टिकली आहे. ओळख नसलेल्या माणसाला पहिलं पत्र लिहिताना हे वाक्य शोभतं. एकाच दिवशी तिसऱ्यांदा लिहिताना शोभत नाही, आणि ज्याच्या घरी काही वाईट घडल्याचं आपल्याला ठाऊक आहे, त्याला तर ते लिहूच नये. तिथे आपलं स्वतःचं वाक्य लिहावं, मोडकंतोडकं असलं तरी.

शेवटच्या ‘लुकिंग फॉरवर्ड टू’नंतर ‘हिअरिंग’ येतं, ‘हिअर’ नाही. एवढं लक्षात ठेवलं की झालं.

आठवण करून देण्याची वाक्यं मात्र जपून वापरावीत. ‘ॲज पर माय लास्ट ईमेल’ला आता धार आली आहे. लिहिणाऱ्याच्या मनात नुसता संदर्भ असला तरी वाचणाऱ्याला ‘तुम्ही वाचलंच नाहीत’ असं ऐकू येतं. ‘जेंटल रिमाइंडर’मधला ‘जेंटल’ पहिल्यांदा मऊ असतो, तिसऱ्यांदा नसतो. शिवाय नुसतं ‘रिमाइंडर’ लिहिलं की वाचणाऱ्याला खाली सरकत जाऊन मूळ मागणी शोधावी लागते. मला पटणारी रीत अशी: मागणी पुन्हा पूर्ण लिहायची, फाइल पुन्हा जोडायची, आणि का घाई आहे ते एका वाक्यात सांगायचं. ‘आय नीड युअर कमेंट्स ऑन द बजेट शीट बाय थर्सडे, ॲज इट गोज टू प्रिंट ऑन फ्रायडे.’ कारण कळलं की बहुतेक माणसं मदत करतात. लोक उत्तर देत नाहीत ते बरेचदा कामाच्या ओझ्याने, उर्मटपणाने नव्हे.

आणि ज्याला फाइल मिळाली त्याचंही काही कर्तव्य आहे. ‘नोटेड’ या एका शब्दाचं उत्तर थंड लागतं, आणि त्यातून काही कळतही नाही. फाइल उघडली का? पूर्ण आली का? ‘गॉट इट, थँक्स. इट ओपन्स फाइन. आय विल रिप्लाय बाय वेन्सडे’ या तीन तुकड्यांनी पाठवणाऱ्याचं ओझं उतरतं. जुन्या पत्रव्यवहारात कागद मोजून पोच देत, ते हेच होतं. तक्ता कोरा दिसत असेल किंवा शेवटची पानं आली नसतील, तर ते त्याच दिवशी कळवावं, मुदतीच्या आदल्या रात्री नव्हे.

फाइल जोडायचीच राहिली, असं कोणाकडूनही होतं. तेव्हा दुसरा ईमेल जातो, त्यात ‘सॉरी, अटॅच्ड नाउ’ एवढंच असतं आणि खाली फाइल. त्या घडीला दोघांचंही काम भागतं. पण हे ईमेल पुढे वर्षानुवर्षं राहतात. कधीतरी पाठवणारा नोकरी सोडून जातो, त्याच्या जागी कोणी नवीन येतं आणि त्याला तो अहवाल हवा असतो. तो शोधपेटीत अहवालाचं नाव टाइप करतो. नाव असलेल्या पहिल्या ईमेलला फाइल नाही, फाइल असलेल्या दुसऱ्या ईमेलमध्ये नाव नाही, आणि फाइल स्वतः ‘फायनल न्यू टू’ अशा नावाने पडून आहे. ‘पीएफए’ शोधावं तर शेकडो ईमेल समोर येतात. म्हणून दुसऱ्यांदा पाठवतानाही सगळा मजकूर पुन्हा लिहावा: कोणता अहवाल, कोणत्या महिन्याचा, कितवी आवृत्ती. फाइलला तिचं खरं नाव द्यावं आणि विषयाच्या ओळीतही तेच नाव लिहावं.